बाटलीतला खडा

दादा,

तुझ्या दहाव्याला गंगाखेडच्या घाटावर कावळा लगेच शिवला. तुझ्या पोरानं, महेशनं, पिंड ठेवला, हात जोडले, आणि तो दोन पावलं मागं सरकतो न सरकतो तोच कावळा आला, चोच मारून गेला. सगळ्यांना हायसं वाटलं. "नशीबवान मानूस. मागं कायबी ठिवलं न्हाई बगा," वहिनीचा भाऊ ज्ञानोबा म्हणाला, आणि लोक आपापल्या चपला शोधायला लागले.

मला ते पटलं नाही. काहीच मागं राहिलं नाही म्हणजे काय? मग माझ्याशी अर्धवट सोडलेली भांडणं कुणाची? मी तिथं उभी राहून त्या कावळ्याकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, हा कावळा तुझ्याच सांगण्यावरून आला असणार. कुणाला ताटकळत ठेवायचं नाही, कुणाला जड व्हायचं नाही, ही तुझी जुनी खोड.

आता पालमला माझ्या पिको-फॉलच्या दुकानात बसून हे लिहिते आहे. गिऱ्हाईक आलं की वही साडीखाली सरकवते. तू असतास तर म्हणाला असतास, "फौजदार, कुनाची चौकशी चाललीय?" तुझीच चाललीय, दादा.

फौजदार हे नाव तूच ठेवलंस. लहानपणापासून माझा कशावर विश्वास बसायचा नाही. दुधात पाणी आहे का ते बोटावर थेंब घेऊन बघायचं, कंडक्टर 'मागची गाडी रिकामी येतेय' म्हणाला तरी पुढच्याच गाडीत घुसायचं, पाहुणा 'सहज आलो' म्हणाला की त्याचं काय काम असेल ते ओळखायचं. तू हसायचास. खरं तर संशय घेण्याचं काम तुझं होतं. आयुष्यभर परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हर्रास बोललास तू, लिलाव केलेस. शेतकऱ्यानं माल ओतला की वरच्या दाण्यावर तू कधी भुलला नाहीस. ढिगात कोपरापर्यंत हात घालून खालचा माल वर काढायचास, तळहातावर पसरायचास, त्यातले खडे बोटानं बाजूला करायचास आणि मगच बोली सुरू करायचास. माणसांच्या बाबतीत मात्र तू वरचेच दाणे बघतोस, असं मला वाटायचं. त्यावरून मी तुला कितीदा बोलले असेन.

हर्रासाचा नाद तुला पोरपणापासून. झरीच्या घरी चुलीपुढं आई भाकरी करायची आणि तू तव्यावरच्या भाकरीची बोली लावायचास. "बोला, बोला, टम्म फुगलेली भाकर, शेंगदाण्याच्या चटणीसंगं, बोला!" मी म्हणायची, तुझी दोन दिवस भांडी घासते. बापू म्हणायचे, मी बैल सोडतो. भाकर शेवटी माझ्याच ताटात पडायची, आणि भांडीही मी कधी घासली नाहीत. आवाज काय होता तुझा! मोंढ्याच्या या टोकाला बोललास तर त्या टोकाचे हमाल मान वर करायचे. त्याच आवाजाची वाट शेवटी एका गाठीनं अडवली. आणि ती गाठ तिथली नव्हतीच.

तेच सगळं मला पुन्हा नीट लावून बघायचं आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वी तुला लघवीतून रक्त गेलं. ज्ञानोबा तुला नांदेडला घेऊन गेला, आणि मला फोन आला तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. मुतखडा फार मोठा होता, किडनी खराब झाली होती, म्हणून ती काढली, असं सांगितलं. मी झरीला आले तेव्हा तू बाजेवर उशीला टेकून बसला होतास आणि हातात ती बाटली होती, औषधाची, छोटी, काचेची. आपल्याकडं मुतखड्याचं ऑपरेशन झालं की भेटायला आलेली माणसं खडा बघितल्याशिवाय उठत नाहीत. तुझा खडा बघायला तर निम्मी झरी येऊन गेली.

बोराच्या बीएवढा, तपकिरी, कडेला पांढरी रेघ. तू बाटली कानाजवळ हलवून वाजवून दाखवायचास. "ह्यानं मला कसा लोळवला बगा," म्हणायचास आणि कळ कशी यायची, डॉक्टरच्या चिमट्यातून खडा कसा निसटला, नर्स कशी ओरडली, ते सगळं रंगवून सांगायचास. दर पाहुण्यागणिक गोष्ट वाढत होती. वहिनी चहा घेऊन यायची आणि तू सांगत असताना भिंतीला टेकून उभी राहायची.

मी बाटली उजेडात धरून म्हणाले, "इतका गुळगुळीत? मुतखड्याला तर काटे असतेत म्हनं."

"आत पान्यानं घासला असंल, फौजदार," तू म्हणालास. वहिनी पटकन आत गेली. मी ते पाहिलं आणि मनात ठेवून दिलं.

पुढची काही वर्षं ज्ञानोबा तुला अधूनमधून नांदेडला न्यायचा, खडा पुन्हा झाला का बघायला. तू मुकाट जायचास. मग सगळं ठीक आहे म्हणून ते जाणं हळूहळू बंद पडलं. बाटली देवळीत, भिंतीतल्या कोनाड्यात, आरशाशेजारी राहिली. दिवाळीला घर सारवायला काढलं की वहिनी ती स्वतः पुसून जागेवर ठेवायची. मला त्याचंही नवल वाटायचं. नवऱ्याच्या दुखण्याची कोण एवढी निगा राखतं?

खोकला सुरू झाला तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. मोंढ्यातला माणूस खोकणारच. तुरीची धूळ, सोयाबीनचा भुस्सा, मिरचीच्या दिवसांत तर विचारू नये. परभणीच्या डॉक्टरनं दमा म्हणून सांगितलं आणि तोंडात मारायचा पंप दिला. वहिनी प्रत्येक वेळी तुझ्याबरोबर यायची. डॉक्टरनं विचारलं, आधी काही मोठं दुखणं? तू म्हणायचास, मुतखडा. वहिनी म्हणायची, हो, मुतखडा.

मी मात्र तुझ्यावर दुसराच आळ घेतला होता. बिडी. भाऊबीजेला ओवाळताना मी तुझ्या सदऱ्याचा वास घेतला, आणि तुला ते कळलं. खिशात काडेपेटी सापडली तर म्हणालास, "आडतीच्या दुकानात सकाळी उदबत्ती कोन लावतंय? मीच ना?" तुझे रुमाल तू स्वतः धुवायला लागला होतास. मी एक ओढून घेतला तर त्यावर लाल डाग. "पानाचा हाय," म्हणालास. मी म्हणाले, "पान खानाऱ्याचे व्हट लाल असतेत, रुमाल न्हाई." त्यावर आपलं इतकं वाजलं, की तू ताटावरून उठलास आणि अंगणात जाऊन बसलास. समजूत काढायला मी मागं आले, तुझ्या पाठीवर डोकं ठेवलं, आणि तेव्हा मला ती शिट्टी ऐकू आली. श्वास सोडताना, बारीक, फक्त उजव्या बाजूला.

"दादा, आईला दमा व्हता. तिची सगळी छाती वाजायची. तुझं एकाच कडंनं कामून वाजायलंय?"

"दुसऱ्या कडंला जागा न्हाई. तिथं तुझी बडबड भरलीय."

मी हसले नाही. त्या दिवसापासून मी धोशाच लावला. महेशला फोन, वहिनीला फोन, तुला फोन. तोपर्यंत मोंढ्यातही बोलता बोलता तुला दम लागत होता. दोन बोलींच्या मधे तू थांबायचास आणि व्यापारी तुझा श्वास परत येईपर्यंत उभे राहायचे. कधी गफूरभाई, मालाचं वजन करणारे तुझे मापाडी, तेवढ्यापुरती बोली पुढं न्यायचे. शेवटी आपण नांदेडला गेलो. छातीच्या डॉक्टरनं घशातून दुर्बीण घातली. उजव्या श्वासनळीत आतल्या बाजूला मांसाची गाठ होती, नळी जवळजवळ बंद करणारी. हात लागला की रक्त येणारी. तुकडा काढून तपासायला पाठवला.

अहवाल आला त्या दिवशीची ती खोली मी मनात शंभरदा उघडून बघितली आहे. टेबलाच्या अलीकडं तू, तुझ्या डावीकडं वहिनी, मागं मी आणि महेश. डॉक्टरनं कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तुमची किडनी कशासाठी काढली होती?"

"मुतखडा," तुम्ही दोघंही एकदम म्हणालात.

"नुसत्या खड्यासाठी अख्खी किडनी?"

"लय मोठा व्हता साहेब," तू म्हणालास आणि अंगठ्याचं टोक दाखवलंस. "बाटलीत ठिवलाय घरी."

डॉक्टरनं तुला तपासण्याच्या निमित्तानं दुसऱ्या खोलीत पाठवलं आणि आम्हाला सांगितलं. हा फुप्फुसाचा कॅन्सर नाही. किडनीचा आहे. किडनी काढल्यावर कितीतरी वर्षांनीसुद्धा तो असा रक्तातून जाऊन श्वासनळीत घर करू शकतो. जागा बदलते, जात तीच राहते. जुना आजार ठाऊक असता, तर रक्त पडलं तेव्हाच दुर्बीण घातली असती. मी विचारलं, म्हणजे वाचला असता? डॉक्टर म्हणाले, "आधी कळलं असतं तर आधी सुरुवात केली असती. वाचले असते असं मी म्हणणार नाही. नसते वाचले असंही नाही."

महेश तो कागद हातात घेऊन पुन्हा वाचायला लागला. वहिनी रडत होती, पण ती दचकली नव्हती, दादा. तिला दुःख झालं, आश्चर्य वाटलं नाही. डोळे पुसायच्या आत ती म्हणाली, "ह्यांना सांगू नका. साधी गाठ हाय म्हना." इतकं झटकन, जणू वाक्य तिच्या तोंडात तयारच होतं. मी त्या क्षणापासून तिच्यावर नजर ठेवली. तुझ्यावर नाही ठेवली. तुझी फौजदार चुकीच्याच बाजूला बघत होती.

गोळ्या सुरू झाल्या. साध्या गाठीच्या, दम्याच्या, असं तुला सांगितलं. तुझं तोंड आलं, तळपाय सोलून निघाले. मी तेल लावत होते तेव्हा तू विचारलंस, "फौजदार, दम्याच्या गोळीनं तळपाय सोलतेत का गं?"

"डॉक्टर म्हनाले तसं. हीट असती गोळीत."

"आस्सं," म्हणालास आणि हसलास. मला वाटलं, फसलास. किती मूर्ख होते मी.

काही महिने बरे गेले. शिट्टी कमी झाली, एक दिवस मोंढ्यातही जाऊन आलास. मग पुन्हा सगळं उलटलं. शेवटचे दिवस तू टेकून बसूनच काढलेस, बोलणं एकेका शब्दावर आलं. मी घास भरवायला लागले की तू बोट वर करायचास, बोली वाढवल्यासारखं, आणि घास परत माझ्याकडं वळवायचास. जाताना वहिनीचा हात तुझ्या हातात होता. माझ्याकडं तू बघितलंस, ओठ हलवलेस, पण आवाज आला नाही. काय म्हणालास ते मला आजही माहीत नाही. 'येतो' असेल, किंवा 'पाणी' असेल. मी खूप डोकं लावलं.

माती सावडून झाल्यावर घर जरा रिकामं झालं. वहिनी देवळीपुढं बसली होती. मी बाटली उचलली आणि तिच्यापुढं ठेवली.

"वहिनी, आता दादा न्हाई. खरं सांगा. हा खडा कुठला?"

तिनं बाटली मांडीवर घेतली. मग सगळं सांगितलं. ऑपरेशनच्या डॉक्टरनं ज्ञानोबाला बाजूला घेऊन कॅन्सर सांगितला होता, किडनीसकट निघाला आहे, बहुतेक बरं होईल, फक्त तपासत राहा म्हणून. ज्ञानोबानं तिला सांगितलं. दोघांनी ठरवलं, तुझ्या कानावर तो शब्द घालायचा नाही. तो ऐकला की माणूस अर्धा तिथंच खचतो. पण गावात परत यायचं, तर मुतखडा म्हटल्यावर लोक खडा मागणार. "मग ज्ञानोबा गंगाखेडला नदीत उतरला. पात्रातून हुडकून आनला. लय खडे बगितले त्यानं, बाई. काही लय मोठे, काही लय पांढरे. हा बराबर वाटला."

मला संताप आवरला नाही. "तुमच्या ह्या खड्यानं माझा भाऊ मारला," मी म्हणाले. "डॉक्टर विचारीत व्हते. दरवेळी विचारीत व्हते. तुमी बाजूला बसून मुतखडा, मुतखडा." तोंडातून शब्द गेल्यावर परत घेता येत नाहीत आणि मला ते घ्यायचेही नव्हते. पिशवी उचलली आणि निघाले. झरीच्या फाट्यावर उभी राहून मी मनाशी पक्कं केलं, की दहावं गंगाखेडला आहे, तेवढं करायचं. त्यानंतर या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. भाऊ गेला की माहेर वहिनीच्या हातात असतं. मी ते तिच्या हातातून काढून फेकून द्यायला निघाले होते.

परभणीच्या स्टँडवर पालमची गाडी लागली नव्हती. तिथं गफूरभाई भेटले. माती झाली तेव्हा गर्दीत त्यांच्याशी बोलणं झालं नव्हतं. त्यांनी चहा सांगितला. मी चहाला हात लावला नाही, आणि रागाच्या भरात खड्याची सगळी हकीकत त्यांना सांगून टाकली. मला वाटलं, ते 'या अल्ला' म्हणतील. ते बशीत चहा ओतत राहिले.

मग म्हणाले, "नंदाबाई, एक बात सांगू? तुमच्या दादाला मालूम व्हतं."

"काय मालूम व्हतं?"

"खडा. ऑपरेशन झाल्यावर पैल्यांदा आडतीवर आला ना, तवा बाटली संगं घेऊन आला. माज्या हातावर खडा काढून ठिवला. म्हनला, गफूर, सांग कुठला. मी म्हनलं, ह्ये तर गंगाखेडच्या पात्रातलं हाय, ती पांढरी रेघ बग. तर हसला. म्हनला, मलाबी तसंच वाटलं. सारी उमर आपुन मालातले खडेच तर निवडले."

मी चहाचा कप बाजूला सरकवला.

"मी म्हनलं, मग भाभीला इचार. तर म्हनला, नको. खोटा खडा आनून दावायची पाळी आली म्हंजी खरं काय असंल ते मला समजलं. पन तिनं लय मेहनतीनं हुडकून आनलाय रे. तिला वाटतंय मी खुश हाय. र्‍हाऊ दे तिला तसंच." गफूरभाईंनी चष्मा पुसला. "मला कसम घातली व्हती. आता कसम कुनापाशी र्‍हायली?"

गाडी लागली. मी खिडकीशी बसले. खाली उभे राहून गफूरभाई म्हणाले, "आन् बिडी कधीमधी वढायचा. पन लय कमी." दादा, तेवढ्या अवस्थेतही मला बरं वाटलं. एक तरी संशय खरा निघाला.

पण पालम येईपर्यंत राग फिरून तुझ्यावर आला. तुला ठाऊक होतं! पाहुण्यांपुढं चिमटा, नर्स, ती कळ, ते सगळं नाटक तू वहिनीला ऐकू जावं म्हणून करत होतास. नांदेडला तपासायला मुकाट जायचास, कारण कशासाठी जातोस ते तुला माहीत होतं. मग परभणीच्या डॉक्टरपुढं तुझं तोंड का उघडलं नाही? वहिनीला तू बाहेर बसवू शकला असतास. एकटा जाऊ शकला असतास, मोंढ्यातून तो दवाखाना हाकेवर आहे. रुमाल स्वतः धुवायला जमत होतं आणि दोन शब्द बोलायला जमले नाहीत? मला वाटतं तू घाबरला होतास. शंभर व्यापाऱ्यांपुढं छाती काढून बोलणारा माणूस एका शब्दाला घाबरला होता, आणि वहिनीसाठी गप्प राहतोय असं स्वतःलाच पटवत होता. ढिगाच्या तळाशी काय आहे ते तुला दिसलं होतं, म्हणून या वेळी तू हातच घातला नाहीस. मी चुकत असेन तर सांग. पण तू आता सांगणार नाहीस, आणि माझा संशय जाणार नाही. हे आपलं शेवटचं भांडण, आणि यात तू ताटावरून नाही, थेट पंगतीतूनच उठून गेलास.

हे वहिनीला सांगायचं की नाही, यावर मी दहाव्यापर्यंत मनाशी झगडत होते. सांगितलं, तर तिला कळणार की नवरा इतकी वर्षं सगळं ओळखून होता, एकट्यानं वाहत होता. नाही सांगितलं, तर माझं ते वाक्य तिच्या उरावर जन्मभर राहणार. तुझी इच्छाही उघड होती, 'तिला तसंच राहू दे.' पण ती तशी राहिलीच कुठं होती?

कावळा शिवला. महेशनं जीवखडा नदीत सोडला, तुझ्या मडक्याला मारलेला आणि दहावं होईपर्यंत जपलेला दगड. माणसं पांगली. वहिनी खालच्या पायरीवर एकटी बसली होती. मी जवळ गेले तर तिनं पदर सावरून सरकून जागा दिली, पण माझ्याकडं बघितलं नाही. तिच्या मांडीवर पिशवी होती. तिनं त्यातून ती बाटली काढली.

"जिथनं आनला तिथं टाकते," ती म्हणाली. "तुमचं खरं हाय, नंदाताई. ह्या खड्यानंच त्यांना नेलं."

ती टोपण फिरवायला लागली आणि मी तिचा हात धरला. मी आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात धरला असेल. गफूरभाई बोलले तसं सगळं, शब्द न गाळता सांगितलं. 'लय मेहनतीनं हुडकून आनलाय' हेही सांगितलं.

तिनं टोपणावरचा हात काढला. मग हळू विचारलं, "कवा म्हनले असं?"

"ऑपरेशननंतर पैल्यांदा आडतीवर गेला तवाच."

"म्हंजी ती चिमट्याची गोष्ट... ती नर्स वरडली ती..."

"सगळी तुमच्यासाठी."

वहिनीनं तोंडाला पदर लावला. आधी मला वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती. खांदे हलत होते. मग ते हसणं कधी रडण्यात गेलं ते कळलं नाही, आणि मीही तिच्याबरोबर रडत होते, तुझ्या मातीला रडले नाही इतकी. जरा शांत झाल्यावर मी तो प्रश्न विचारलाच. मला विचारल्याशिवाय राहवत नाही, तुला माहीत आहे.

"पन वहिनी, मग डॉक्टरपुढं तरी तो कामून बोलला न्हाई?"

ती नदीकडं बघत म्हणाली, "मी बाजूला बसले व्हते ना."

आणि बाटली हातात फिरवत, "मी तरी कामून बोलले न्हाई? ते बाजूला बसले व्हते."

तुम्ही दोघं एकमेकांच्या इतके जवळ बसला होतात, दादा, की डॉक्टरला मधे जागाच मिळाली नाही. मी कुणावर रागवायचं?

तिनं टोपण परत घट्ट फिरवलं. बाटली नदीत टाकली नाही. पदरानं पुसली, पिशवीत ठेवली आणि उठून उभी राहिली. ज्ञानोबा वरून हाक मारत होता, झरीची जीप निघायची होती, आणि मला पालमची गाडी धरायची होती. दोन पायऱ्या चढून ती वळली.

"देवळीतच ठिवनार हाय मी," ती म्हणाली. "भाऊबीजेला येताल तवा बगा जाग्यावर हाय का न्हाई. माज्यावर इस्वास ठिवू नका, फौजदार."

हे नाव तुझ्याशिवाय मला कुणी कधी दिलं नव्हतं. तिनं घेतलं, ते अगदी तुझ्यासारखं, शेवटचं अक्षर जरा ओढून. मी वर जाईपर्यंत पायऱ्या दिसत नव्हत्या.

भाऊबीजेला जाणार आहे मी, दादा. ओवाळायला कुणी नाही. बाटली तपासायला जाणार आहे.